चहाच्या वेळचं अस्वल

नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आमचं गाव आहे आणि मी तिथल्या गेटवर गाइड आहे. खाकी शर्ट घालून उघड्या जिप्सी गाडीत बसायचं, पाहुण्यांना झाडं-पाखरं दाखवायची, वाघ दिसला तर हळू आवाजात सांगायचं आणि नाही दिसला तर त्यांची समजूत काढायची, असं हे काम. माझा नवरा जिप्सी चालवतो. जंगल आहे म्हणून पाहुणे येतात आणि पाहुणे येतात म्हणून आमची चूल पेटते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही मी जे सांगणार आहे ते झाल्यापासून गाड्यांची रांग गेटवर लागली की मला आनंद होत नाही.

आम्हाला वाघापेक्षा अस्वलाची भीती जास्त. वाघ माणसाची चाहूल लागली की बाजूला होतो. अस्वल नाक जमिनीला लावून, आपल्याच नादात चालतं. त्याचं लक्ष नसतं, आपलंही नसतं, आणि दोघं एकदम समोरासमोर आले की ते घाबरून माणसाच्या तोंडावर येतं. आजूबाजूच्या गावांत अशी माणसं मी पाहिलेली आहेत. एकाला नाक नाही, एकाचा डोळा गेलेला. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यांच्याकडे बघायचं टाळायचे.

घरात माझी मोठी जाऊ आहे. मी तिला बाई म्हणते. भासरे, म्हणजे तिचा नवरा, तिरोड्याला कामाला असतात, आठवड्याने घरी येतात, म्हणून घराचा सगळा कारभार बाईच्याच हातात. उंच, काटक, बोलायला फटकळ. मी गाइडच्या ट्रेनिंगला जाणार म्हटल्यावर गावातल्या चार बायका हसल्या होत्या, तेव्हा बाईच दारात उभी राहून त्यांना म्हणाली होती, "तुमच्या घरची कायले जात नाही मंग? जीभच चालवता का नुसती?"

गावाच्या वरच्या अंगाला जुना तलाव आहे, आणि तलाव आणि जंगल यांच्यामधून एक नाला येतो. उन्हाळ्यात नाला कोरडा असतो. जनावरं त्याच वाटेनं तलावावर पाणी प्यायला उतरायची आणि त्याच वाटेनं परत जायची. नाल्याच्या काठच्या धानाच्या शेतांच्या बांध्या विकल्या गेल्या आणि तिथे रिसॉर्ट झालं. गोंदियाचा एक माणूस मालक होता. कौलारू खोल्या, पोहायचा हौद, मागच्या बाजूला जंगलाकडे तोंड करून चहा प्यायला एक मोठा सज्जा. चारी बाजूंनी जाळीचं कुंपण आलं, आणि ते नाल्यातूनही आडवं गेलं. तेव्हा कोणी काही बोललं नाही. मीही नाही. गावातल्या कितीतरी जणांना तिथे काम मिळालं होतं. बाईसुद्धा तिथल्या स्वयंपाकघरात भांडी घासायला, भाज्या चिरायला जाऊ लागली. दुपारचं जेवण आटोपलं, भांडी झाली की ती घरी यायची.

वाट बंद झाल्यावर जनावरं थांबली नाहीत. ती कुंपणाला वळसा घालून तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, गावाच्या अंगणातूनच म्हणा, जायला लागली. आधी चितळांचे खूर दिसले. मग रानडुकरांनी एकाची बाग उकरली. मग एका सकाळी पाळीवरच्या ओल्या मातीत अस्वलाचा पाय उमटलेला दिसला. माणसाच्या अनवाणी पायासारखाच दिसतो तो, फक्त बोटांच्या पुढे नखांच्या लांब रेघा. मी त्याच्या शेजारी उभी राहिले आणि मागे वळून बघायची हिंमत होईना.

त्याच सुमारास मोह गळायला लागला. मोहफुलं उजाडताना वेचावी लागतात. रात्रभर गळलेली फुलं ऊन चढायच्या आत उचलली नाहीत तर ती जनावरं खातात किंवा सुकून जातात. आमची मोहाची झाडं पाळीच्या खालच्या अंगाला आहेत. वेचायला बाई आणि मीच जायचो. त्या दिवशी माझी सकाळची फेरी नव्हती. उजाडलं होतं, लांबवरचं माणूस ओळखू येईल इतका उजेड होता. बाई एका झाडाखाली, मी दुसऱ्या. दोघी वाकलेल्या. माझी टोपली अर्धी भरली होती.

मला आधी वास आला. कुबट, ओल्या केसांचा. मान वर केली तर अस्वल बाईच्या मागे उभं होतं.

पुढे काय झालं ते मी अनेकदा अनेकांना सांगितलं आहे, पण त्यातली एक गोष्ट मी सुरुवातीला कोणालाच सांगितली नाही, कारण तिचा अर्थ मला लागत नव्हता. ते अस्वल दचकलं नव्हतं. ते चालत आलं, सरळ, पाळीवरून खाली, माझ्याकडे न बघता. झाडाखाली एवढी फुलं पडली होती, त्यातलं एकही त्यानं तोंडात घेतलं नाही. ते बाईपाशी गेलं आणि त्यानं तिच्या लुगड्याच्या पदराला नाक लावलं. कुत्रं ओळखीच्या माणसाला लावतं तसं.

बाईला वाटलं मीच आहे. ती न बघता म्हणाली, "सरक वं तिकडं." मग तिनं वळून पाहिलं.

ती ओरडली आणि हातातली टोपली तिनं त्याच्या तोंडावर मारली. अस्वल दोन पायांवर उठलं. मला त्याच्या छातीवरचा पांढरा पट्टा दिसला, आणि मग बाई खाली होती आणि ते तिच्यावर होतं. तो आवाज मी लिहून दाखवू शकत नाही. माझ्या हातात पाल्याचा कचरा लोटायची काठी होती. मी ती झाडाच्या बुंध्यावर आपटत, किंचाळत पुढे गेले. आपण पुढे जातोय हे मला कळत नव्हतं. पाय आपले चालत होते. काठी मोडली. मी दगड उचलले. एक दगड त्याच्या पाठीवर बसला असावा, कारण त्यानं माझ्याकडे पाहिलं. आमच्यामध्ये फार अंतर नव्हतं. मला वाटलं, आता माझी पाळी. पण ते बाईच्या अंगावरून उतरलं, झाडाला वळसा घातला आणि रिसॉर्टच्या कुंपणाच्या कडेकडेनं निघून गेलं. पळत नव्हतं. चालत गेलं.

बाईच्या डोक्याची कातडी एका बाजूनं सुटली होती आणि डावा हात कोपराखाली फाटला होता. ती शुद्धीवर होती. मी माझा पदर फाडून तिचं डोकं बांधलं. ती एकच विचारत होती, "डोळे आहेत ना वं माह्ये? पाह्य बरं, डोळे आहेत ना?"

"आहेत बाई, दोन्ही आहेत," मी म्हणत होते. रक्तामुळे मलाही दिसत नव्हतं, तरी म्हणत होते.

रस्त्यावर गेटकडे जाणारी एक जिप्सी आली. ड्रायव्हर गावातलाच. आतले पाहुणे, एक नवरा-बायको, काही न विचारता खाली उतरले. पाहुणीनं अंगावरची शाल काढून बाईच्या डोक्याखाली दिली आणि दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिले. गाडी निघाली तेव्हा मी मागे पाहिलं. ते दोघं एकमेकांचा हात धरून झाडीकडे बघत होते.

गोंदियाच्या दवाखान्यात बाई बरेच दिवस होती. टाके, ड्रेसिंग, इंजेक्शनं. डोळे वाचले. हाताची दोन बोटं मात्र पुन्हा नीट मिटली नाहीत. भासरे तिथेच राहिले, मी घर आणि दवाखाना करत होते, आणि मधल्या दिवसांत जिप्सीत बसून पाहुण्यांना सांगत होते की हे ऐनाचं झाड, हा मोर, हे वाघाचं पाऊल. झाडीत पान हललं की माझं बोलणं बंद पडायचं. पाहुण्यांना वाटायचं मला काही दिसलं. ते कॅमेरे काढायचे.

गावात एकच बोलणं होतं. अस्वलाला पकडा, नाहीतर आम्ही बघतो. वनखात्याचे साहेब येऊन गेले, उमटलेले पाय बघून गेले, पाळीकडे एकट्यानं जाऊ नका म्हणाले. त्यांनी मला विचारलं, "पिल्लू होतं का सोबत? तुम्ही एकदम समोर गेलात का?" मी नाही म्हटलं. ते विचारात पडले. "मग असं का आलं असेल?"

उत्तर मला जिप्सीत मिळालं. दुपारच्या फेरीला रिसॉर्टमधलं एक कुटुंब होतं, बोलकं, हसरं. जंगलात त्या दिवशी काहीच दिसलं नाही. मी नेहमीप्रमाणे समजूत काढायला गेले, तर त्यातले गृहस्थ म्हणाले, "काही हरकत नाही हो, आम्ही काल अस्वल बघितलं. अगदी जवळून. चहा पिता पिता."

मी विचारलं, कुठे.

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. रिसॉर्टचा सज्जा होता. कपबश्यांचा आवाज, पोरांचं खिदळणं. कुंपणाच्या जाळीत एक मोकळी जागा ठेवलेली होती आणि तिच्या पलीकडे दगडाचा एक ओटा. ओट्यावर कलिंगडाच्या साली, आंब्याच्या कोयी, भात, शिऱ्यासारखं काहीतरी. आणि अस्वल निवांत बसून खात होतं. कोणीतरी हिंदीत म्हणत होतं, "देखो, रोज इसी टाइम आता है, अपना पालतू है." ते मान वर करून माणसांकडे बघायचं आणि पुन्हा खायला लागायचं. त्याच्या डोळ्यांत भीती अजिबात नव्हती. इतकी वर्षं मी जंगलात फिरते, पण अस्वलाला माणसाकडे असं बघताना मी एकदाच पाहिलं होतं. पाळीखाली, बाईच्या अंगावरून उठताना.

"किती गोड आहे ना?" त्यांच्या बायकोनं विचारलं. त्यांना काय माहीत? मी मोबाइल परत दिला. फेरी संपेपर्यंत मला थंडी वाजत होती, एप्रिलच्या उन्हात.

बाई तोवर घरी आली होती. डोक्याला पट्टी, हात गळ्यात. मी तिला सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "ओटा कसा आहे? चिरेबंदी? बाजूले बेलाचं झाड?"

"हाव. तुले कसं माहीत बाई?"

"ते ओट्यावरचं मीच टाकत होती वं." तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "रिसॉर्टवाले खड्डा भरून राहिला म्हणत, ओट्यावर टाक, डुकरं खातीन. रोज भांडी झाली का बादली घेऊन जाऊन राहिली होती मी. टाकायची आन घरी यायची. मागं कोण येते ते मले काय माहीत?"

तिनं अंगावरच्या लुगड्याचा पदर हातात घेतला आणि नाकाला लावला. तेव्हा मला कळलं. ते अस्वल मोहाखाली कोणावर धावून आलं नव्हतं. ते रोज खायला देणाऱ्या वासाकडे आलं होतं.

"त्यानं मले ओळखलं," बाई म्हणाली. "मीच नाही ओळखलं."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, चल मालकाकडे. माझ्या नवऱ्याला वाटत होतं जाऊ नये. त्याची जिप्सी बहुतेक रिसॉर्टच्याच पाहुण्यांवर चालायची, आणि मालकाशी वाकडं झालं तर गावातल्या बाकी पोरांचीही कामं जातील ही भीती होती. ती खरीच होती, मलाही होती. रस्ताभर मला वाटत होतं की आपण परत फिरावं. बाई मात्र पट्टीवर पदर घेऊन पुढे चालत राहिली.

मालक ऑफिसात होता. बाईला पाहून तो उठून उभा राहिला. "अरे बाई, तुम कायको आई इतनी धूप में? मैं आनेही वाला था."

बाईनं पदर खाली केला. पट्टीखालून टाक्यांची रेघ कपाळावर आलेली दिसत होती. "पाह्य," ती म्हणाली. "तुह्या पाहुण्याईनं अस्वल पाह्यलं. तू हे पाह्य."

त्यानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "पहिल्यांदा ते आपणच आलं. मेहमान लोक खूश झाले. मग... पोरांना बाहेर बोलू नका म्हटलं. मैंने सोचा, जाळीच्या बाहेरच तर आहे. क्या बिगडेगा? तुमच्यासोबत असं होईल हे मेरे दिमाग में नहीं आया, कसम से."

"आमच्या दारात येऊन राहिलं ते," मी म्हणाले. "उद्या एखाद्या लेकरापाशी गेलं तर?"

"बंद करतो. आजपासूनच बंद."

वनखात्याच्या साहेबांना मी फोन लावला तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्यानं मी जास्तच घाबरले. बंद तर करायलाच पाहिजे, ते म्हणाले, पण खाणं एकदम थांबलं की ते शोधायला निघेल. काही दिवस फार सांभाळून राहा. मोहफुलं बाहेर वाळत घालू नका.

ओटा फोडला, साफ केला. नाल्यातली जाळी कापून वाट मोकळी केली; त्यासाठी साहेब स्वतः उभे राहिले आणि मालकानं वाद घातला नाही. गावात सगळ्यांना मोह घरात घ्या म्हणून सांगितलं. पण घरं लहान, आणि ओला मोह घरात ठेवला की सडतो. कोणी ऐकलं, कोणी नाही. शेजारच्या अंगणात तो पसरलेलाच होता.

ते आलं ते भर दुपारी. गल्लीत कुत्री आधी भुंकली आणि मग एकदम गप्प झाली. पुरुष बाहेर होते. मी दार लावून घेतलं, कडी घातली, आणि कडीवर हात ठेवून उभी राहिले. बाई आतल्या खोलीत झोपली होती, ती उठून माझ्यामागे आली. दाराच्या फटीतून उन्हाची रेघ आत येत होती. ती रेघ मध्येच काळी झाली.

मग श्वास ऐकू आला. अस्वल वास घेतं तेव्हा भाता चालवल्यासारखा आवाज होतो. दाराच्या खालच्या फटीतून तो आवाज आत येत होता, आणि तोच वास. बाईनं माझा दंड धरला होता. तिची न मिटणारी बोटं मला टोचत होती. ती माझ्या कानात म्हणाली, "मले शोधून राहिला."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. माझ्या मनात एकच होतं की ही कडी जुनी आहे, खिळे लाकडातून सैल झालेले आहेत, दर पावसाळ्यात मी नवऱ्याला सांगते आणि तो विसरतो. दारावर नखं घासली. एकदा, मग पुन्हा. जोर नव्हता. त्यानं जोर लावला असता तर दार टिकलं नसतं. बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नव्हता. कडी वाजू नये म्हणून मी दोन्ही हातांनी ती दाबून धरली.

रेघ पुन्हा पांढरी झाली. शेजारच्या अंगणात मोह चघळण्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. मग गल्लीच्या टोकाला कोणीतरी डबे वाजवायला सुरुवात केली, आणखी डबे वाजले, माणसं ओरडली. दार उघडलं तेव्हा संध्याकाळ होत आली होती. आमच्या उंबऱ्यावर ओली लाळ पडली होती. बाईनं ती शेणानं सारवली, एका हातानं, आणि मग तिथेच बसून राहिली.

त्यानंतर गावाचं ठरलं. मोह एकाच ठिकाणी, शाळेच्या गच्चीवर वाळवायचा. उष्टं-खरकटं पुरायचं, रिसॉर्टनंही आणि आपणही. सकाळ-संध्याकाळ माणसांनी मिळून पाळीवर फिरायचं. पिंजरा आणायची मागणी झाली तेव्हा साहेब म्हणाले, पकडून दुसरीकडे सोडलं तर ते तिथल्या गावात जाईल, आधी थोडे दिवस हे करून बघू. लोक चिडले. एकजण विष घालायचं बोलला. बाई त्या सभेत बसली होती, तिच्याकडे सगळे बघत होते. ती म्हणाली, "त्याले मारून माह्यी बोटं मिटतीन का? खायला शिकवलं आपण, आन मारायचं त्याले?" मग कोणी विषाचं नाव काढलं नाही. पण मला खरं सांगायचं तर, त्या क्षणी ते मेलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी भीतीनं इतकी पोखरून गेले होते.

ते आणखी काही वेळा दिसलं. फुटलेल्या ओट्यापाशी बसलेलं एकानं पाहिलं. मग नाल्यात पाय उमटलेले दिसले, जंगलाकडे जाणारे. तेंदूपत्त्याची तोडणी सुरू झाली तोवर पाय दिसायचे थांबले. आत गेलं, की कुठे काही झालं त्याचं, कोणाला माहीत नाही. मी फेरीवर असताना लांबून अस्वल दिसतं कधी कधी. सगळी सारखीच दिसतात.

बाई पुन्हा रिसॉर्टला गेली नाही. मालकानं बोलावलं होतं. पाहुणे अजून येतात, माझा नवरा अजून त्यांना घेऊन जातो, सज्ज्यावर अजून चहा होतो, समोर नुसतं जंगल असतं. काही पाहुणे अस्वलाबद्दल विचारतात, त्यांनी कुठेतरी तो व्हिडिओ पाहिलेला असतो. मी त्यांना काय झालं ते सांगते. काही मोबाइल खिशात घालतात. काही विचारतात, आता कुठे दिसेल?

पुढच्या वर्षी मोह गळायला लागला तेव्हा मी ठरवलं होतं की जायचं नाही. बाई पहाटे उठून लुगडं खोचून तयार होती. तिला वेचता येत नाही आता, हात धरत नाही. ती म्हणाली, तू वेच, मी उभी राहतो. आणि पाळीवर चढून, जंगलाकडे तोंड करून, ती मोठमोठ्यानं बोलायला लागली. भाजीत मीठ जास्त पडलं ते, भासऱ्यांचं घोरणं, गावातल्या कोणाच्या सुनेचं काय चाललंय ते. सगळं जंगलातल्या अस्वलाला लांबूनच ऐकू जाईल अशा आवाजात, न थांबता. मध्येच श्वास घ्यायला ती थांबली की मी वाकलेली जागच्या जागी थिजायचे, आणि ती पुन्हा बोलायला लागली की एक फूल उचलायचे.